लाओकूनचा उजवा हात

व्हॅटिकनमधला लाओकूनचा पुतळा तुम्ही फोटोत तरी नक्की पाहिला असणार. मधे एक दाढीवाला दणकट माणूस, दोन्ही बाजूंना त्याची दोन पोरं आणि तिघांना करकचून वेढे घातलेले दोन साप. आता एक काम करा, नेटवर या पुतळ्याची जुनी चित्रं शोधा, सतराव्या-अठराव्या शतकातली, आणि शेजारी आजचा फोटो ठेवा. जुन्या चित्रात उजवा हात थेट वर आभाळाकडे ताणलेला दिसेल, मुठीत सापाचं वेटोळं, एकदम हिरोची पोझ. आजच्या फोटोत तोच हात कोपरातून वाकून डोक्यामागे गेलाय, आणि पंजा तर नाहीच. पुतळा तोच आहे, हात वेगळा आहे. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं युरोपातले राजे, पोप, चित्रकार, कवी आणि प्रोफेसर मंडळी ज्या पुतळ्यावर फिदा होती, त्याचा सगळ्यात उठून दिसणारा अवयव मुळात त्याचा नव्हताच. मला या पुतळ्यापेक्षाही या हाताच्या भानगडीने जास्त पछाडलंय, म्हणून हा एवढा लांबलचक पोस्ट.

गोष्ट आधी पटकन सांगते. ग्रीकांना दहा वर्षं वेढा घालून ट्रॉय जिंकता येईना, मग त्यांनी लाकडी घोडा ठेवून निघून गेल्याचं नाटक केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. हा घोडा आत घेऊ नका रे बाबांनो, असं गावाला ओरडून सांगणारा जो माणूस होता तो लाओकून, समुद्रदेव नेपच्यूनचा पुजारी. नुसतं सांगून थांबला नाही, त्याने घोड्याच्या पोटावर भाला फेकला आणि आतून पोकळ आवाज आला, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नंतर तो वेदीपाशी बैल बळी द्यायला उभा असताना समुद्रातून दोन साप आले, आधी पोरांना धरलं, वाचवायला धावला तर त्यालाही. लोक म्हणाले बघा, देवाचा कोप झाला, म्हणजे घोडा पवित्रच असणार, आणि नेला आत. खरं बोलणारा मेला आणि त्याचं मरण हाच तो खोटा असल्याचा पुरावा ठरला. हे रोमन कवी व्हर्जिलचं व्हर्जन. त्याच्या आधीच्या ग्रीक कथांमध्ये बऱ्याच गोष्टी वेगळ्या आहेत, एका कथेत तो अपोलोचा पुजारी आहे, एकीत बाप आणि एकच मुलगा मरतो आणि दुसरा सुटतो. हा सुटणारा मुलगा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १५०६ सालचा जानेवारी. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर फेलिचे दे फ्रेडिस नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, तिथे खणताना जमिनीखाली एक मोठी मूर्ती लागली. पोप दुसरा ज्युलियस याच्या कानावर गेलं, त्याने आपला आर्किटेक्ट जुलियानो दा सांगालो याला सांगितलं जा बघून ये. सांगालोकडे त्या वेळी मायकेलअँजेलो वरचेवर यायचा, वय तीस, सिस्टीन चॅपलचं छत अजून रंगवायचं होतं, तोही निघाला. सांगालोचा लहान मुलगा फ्रान्चेस्को बापाबरोबर गेला होता आणि त्याने म्हातारपणी, १५६७ मध्ये, हा किस्सा पत्रात लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. खाली उतरून बघितल्या बघितल्या बाप म्हणाला, हा तर लाओकून, प्लिनीने लिहिलाय तो! मग भोक मोठं करून मूर्ती बाहेर काढली.

मला या प्रसंगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की मूर्ती सापडायच्या आधीच ती फेमस होती. प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक, जगातल्या वाट्टेल त्या गोष्टींवर लिहिणारा, त्याने लिहून ठेवलं होतं की सम्राट टायटसच्या महालात लाओकूनची एक मूर्ती आहे, ऱ्होड्स बेटावरच्या हागेसांडर, पॉलिडोरस आणि अथेनोडोरस या तिघांनी केलेली, आणि चित्र असो वा शिल्प, सगळ्यात ती सरस आहे. हे वाचून शिकलेले लोक पिढ्यानपिढ्या विचार करत बसले असणार की कशी असेल बुवा ती, आणि एक दिवस ती खरोखर कोणाच्या तरी मळ्यात निघाली! प्लिनीने असंही लिहिलंय की अख्खी मूर्ती एका दगडातून कोरली आहे. मायकेलअँजेलो आणि आणखी एका शिल्पकाराने लगेच तपासून सांगितलं की नाही, सांधे आहेत, फक्त इतके बेमालूम बसवलेत की सहज कळत नाहीत. दगडाच्या माणसाला दगड कळतो, प्लिनी काहीही म्हणो.

पोपने मूर्ती घेतली आणि व्हॅटिकनच्या बेल्व्हेडेरे अंगणात बसवली. व्हॅटिकन म्युझियम्स आपली सुरुवात याच खरेदीपासून मोजतात, २००६ मध्ये त्यांनी पाचशे वर्षं साजरी केली. फेलिचेला मोबदला म्हणून रोमच्या सॅन जिओव्हानी दरवाज्यावरच्या जकातीचं उत्पन्न मिळालं, म्हणजे शेतात नशीब उगवलं म्हणायचं. त्याच्या थडग्यावर सुद्धा लाओकून सापडल्याचा उल्लेख आहे, आराचेली चर्चमध्ये. आयुष्यभर काय केलं तर मळा खणला, पण काय खणला!

तर हाताकडे येऊ. मूर्ती बरीच धड निघाली होती, पण बापाचा उजवा हात खांद्यापासून गायब, धाकट्या मुलाचा उजवा हात गायब, थोरल्याच्या उजव्या हाताचा पंजा गायब, सापांचे काही तुकडे गायब. आज आपल्याला तुटकी मूर्ती तुटकीच बघायची सवय झालीये, मिलोची व्हीनस बिनहातांची आहे म्हणूनच ती व्हीनस. तेव्हाचं डोकं तसं चालायचं नाही. प्राचीन मूर्ती ही अंगणात, कारंज्यापाशी, पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती आणि ती पूर्ण हवी, नाक गेलं तर नाक लावा, डोकं नसेल तर दुसऱ्या कुठल्या मूर्तीचं डोकं आणून बसवा. रोममध्ये पुढची तीनशे वर्षं हा रीतसर धंदा होता आणि चांगले चांगले शिल्पकार तरुणपणी त्यावर पोट भरायचे. शिल्पकार बर्निनीने सुद्धा एका झोपलेल्या हर्माफ्रोडाइटच्या (स्त्री-पुरुष दोन्ही असलेल्या देहाच्या) प्राचीन मूर्तीखाली संगमरवराची गादी कोरून दिली, ती आता पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे आणि लोक मूर्ती सोडून गादीच बोटाने दाबून बघायला जातात.

लाओकूनवर हात सगळ्यांनाच फिरवून घ्यायचा होता. साधारण १५१० च्या सुमाराला आर्किटेक्ट ब्रामान्तेने चार शिल्पकारांना मेणात मोठी नक्कल करायला सांगितली, परीक्षक कोण तर चित्रकार राफाएल, आणि जिंकला तरुण सान्सोव्हिनो. मग बाच्चो बांडिनेल्ली नावाचा फ्लोरेन्सचा शिल्पकार आला, भयंकर आत्मविश्वासाचा माणूस, त्याला फ्रान्सच्या राजाला भेट द्यायला अख्खी संगमरवरी कॉपी करायची होती. त्याने मूळ मूर्तीसाठी मेणाचा हात केला आणि कॉपीत सुद्धा स्वतःच्या कल्पनेतला हात बसवला. कॉपी झाल्यावर पोप सातव्या क्लेमेंटला ती इतकी आवडली की ती फ्रान्सला गेलीच नाही, फ्लोरेन्सला गेली, आज तिथल्या उफिझी म्युझियममध्ये आहे. फ्रान्सच्या राजाच्या हातावर तुरी. या सगळ्या नकला-प्रकाराची चित्रकार तिशियानने भारी फिरकी घेतली, त्याच्या चित्रावरून केलेला एक लाकडी ठशाचा प्रिंट आहे त्यात लाओकून आणि दोन्ही पोरं माकडं दाखवली आहेत, साप वगैरे सगळं जसंच्या तसं. टोमणा नक्की कोणाला यावर वाद आहेत पण मला तरी तो बांडिनेल्लीलाच वाटतो, कारण तो माणूस टोमण्यालायक होता.

शेवटी १५३२-३३ च्या सुमारास मोन्तोर्सोली या शिल्पकाराने भाजक्या मातीचा हात केला, सरळ, वर ताणलेला, आणि हाच हात जगाने लाओकूनचा हात म्हणून पाठ केला. पुढे तो बदलला, दुरुस्त झाला, अठराव्या शतकात पोरांचे हातही नव्याने करून लावले गेले, पण बापाचा हात वर तो वरच. मायकेलअँजेलोचं मत वेगळं होतं असं म्हणतात, हात डोक्यामागे वाकलेला असणार असं त्याला वाटायचं. व्हॅटिकनमध्ये एक अर्धवट कोरलेला वाकडा संगमरवरी हात आहे, तो त्याने केलेला असावा असंही काही जण मानतात. एवढ्या मोठ्या माणसाचं मत असून सरळ हात का जिंकला असेल? मला वाटतं दिसायला जास्त भारी म्हणून. नुसतं दगडाचं लॉजिक बघितलं, म्हणजे छातीचा स्नायू कुठे खेचला गेलाय, खांदा कुठे वळलाय, तर हात मागे जाणार हे कळण्यासारखं होतं. पण सरळ हातामुळे पायाच्या टोकापासून मुठीपर्यंत एक जबरदस्त तिरकी रेघ तयार होते, माणूस अजून लढतोय, हरलेला नाही, असं वाटतं, आणि पोपच्या अंगणात हरणारा माणूस कोणाला हवा असतो.

इथे खरा मुद्दा आहे, कारण तो हात नुसता हात राहिला नाही, त्यावर थिअऱ्या उभ्या राहिल्या. १७५५ मध्ये जर्मन विद्वान विंकेलमानने लिहिलं की ग्रीक कलेचा आत्मा म्हणजे उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता, आणि त्याचं उदाहरण कोण तर लाओकून! सापाने वेढलेला, वेदनेने पिळवटलेला माणूस शांत भव्यतेचं उदाहरण, हे ऐकून आधी हसूच येतं, पण त्याचं म्हणणं असं की एवढ्या वेदनेतही तो व्हर्जिलच्या लाओकूनसारखा भयंकर किंकाळी फोडत नाहीये, तोंड फक्त अर्धवट उघडलंय, उसासा टाकल्यासारखं, म्हणजे मन शरीरावर मात करतंय. मग १७६६ मध्ये जर्मन लेखक लेसिंग आला आणि म्हणाला की नाही, तो ओरडत नाही त्याचं कारण मनाचा मोठेपणा नाही, कारण असं की दगडात आ वासलेलं तोंड म्हणजे एक काळं भोक दिसेल आणि कुरूप दिसेल, कविता किंकाळी ऐकवू शकते, शिल्पाला एकच क्षण मिळतो त्यामुळे तो क्षण जपून निवडावा लागतो. हे फार हुशार आहे, आजही शिकवलं जातं, आणि गंमत म्हणजे लिहिलं तेव्हा लेसिंगने मूळ मूर्ती बघितलेली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर अशा! मग जर्मन कवी गटेनेही लाओकूनवर लिहिलं. या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचा लाओकून हा वर हात ताणलेला लाओकून होता, प्लॅस्टरच्या कॉपीतून आणि चित्रांतून युरोपभर गेलेला. तोंडाबद्दलचं त्यांचं म्हणणं हात बदलला तरी टिकतं, हे मान्य. पण हा माणूस झुंजतोय की खचतोय, हे तोंडापेक्षा हातावरून जास्त ठरतं आणि तो हात सोळाव्या शतकातल्या मातीचा होता.

मधे नेपोलियनचं प्रकरण होऊन गेलं, ते पटकन उरकते. १७९७ च्या तोलेन्तिनोच्या तहात पोपला शेकडो वस्तू द्याव्या लागल्या, त्यात लाओकूनही पॅरिसला गेला. तिथे त्यांनी नवीन हातासाठी स्पर्धा ठेवली, पसंत पडेल असं काही आलं नाही, मग जुन्या साच्यावरून प्लॅस्टरचे अवयव लावून काम भागवलं. वॉटर्लूनंतर कानोवा हा शिल्पकार पोपच्या वतीने पॅरिसला जाऊन भांडला आणि १८१६ च्या सुरुवातीला मूर्ती परत रोममध्ये. हात पुन्हा वरच.

आणि आता लुडविग पोलाक. हा माणूस लक्षात ठेवायलाच हवा. १८६८ मध्ये प्रागमध्ये जन्मलेला ज्यू, पुरातत्त्वाचा अभ्यासक, रोममध्ये राहून प्राचीन वस्तूंची खरेदीविक्री करणारा, नजर अशी तयार की मोठमोठे कलेक्टर त्याला विचारून वस्तू घ्यायचे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १९०५ च्या आसपास, रोममधल्या एका पाथरवटाच्या आवारात त्याला संगमरवराचा एक तुटका हात दिसला. वाकवलेला दंड, ताणलेले स्नायू, वर सापाच्या वेटोळ्याचा तुकडा. कोणीही म्हटलं असतं असेल कुठल्यातरी मूर्तीचा, रोममध्ये असले तुकडे पायलीचे पन्नास. पोलाकच्या डोक्यात लगेच बत्ती पेटली की हा लाओकूनचा हात आहे. त्याने तो व्हॅटिकनला देऊन टाकला आणि १९०६ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. त्यातही तो काळजीपूर्वक बोलला, हा याच मूर्तीचा नसून जरा लहान अशा दुसऱ्या प्राचीन कॉपीचा असावा असं त्याला वाटलं, पण हात वाकडा होता एवढं तर यातून पक्कं होत होतं.

मग व्हॅटिकनने काय केलं? हात ठेवून दिला. पन्नास वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त इथे काखही जागेवर होती आणि कळसाही. म्युझियमवाल्यांची बाजूही मला थोडीफार समजते, सगळ्या जगाने पाठ केलेली मूर्ती एका डीलरच्या नजरेवर भरवसा ठेवून मोडायची म्हणजे खायचं काम नाही, मापं जुळत नाहीत असं वाटत होतं, मधे दोन महायुद्धं झाली. तरी पन्नास वर्षं?

पोलाकने ते बघितलं नाही. १६ ऑक्टोबर १९४३ ला नाझींनी रोममध्ये ज्यूंची धरपकड केली, त्यात पंचाहत्तर वर्षांचा पोलाक, त्याची बायको आणि दोन मुलं पकडली गेली आणि ऑशविट्झला पाठवली गेली. चौघांतलं कोणी परत आलं नाही. त्या धरपकडीत रोममधून हजाराहून जास्त माणसं नेली होती आणि परत आली ती फक्त १६. धोका आहे, व्हॅटिकनमध्ये आसरा घ्या, असा निरोप त्याला आदल्या दिवशी मिळाला होता आणि तो गेला नाही, असं सांगतात. धोक्याची सूचना, बाप आणि दोन मुलं, सगळं इतकं लाओकूनच्या कथेच्या जवळ जातं की लिहिणाऱ्यांना मोह होतोच, मला मात्र ती तुलना करायला नको वाटतं. साप देवाने पाठवले होते. पोलाकच्या दारात माणसं आली होती, यादी घेऊन.

१९५७ मध्ये फिलिप्पो माजी या व्हॅटिकनच्या अभ्यासकाच्या देखरेखीखाली मूर्तीचं काम निघालं आणि तेव्हा कोणीतरी शेवटी तो हात खांद्याशी धरून बघितला. मधला थोडा भाग नाहीये, त्यामुळे तुटलेल्या कडा एकमेकींत थेट बसत नाहीत. पण प्राचीन कारागिराने आतून सळई घालण्यासाठी पाडलेलं एक भोक खांद्याच्या बाजूला होतं आणि एक हाताच्या बाजूला, आणि दोन्ही भोकं अगदी एका रेषेत आली. बस. यावर वाद घालायला जागाच नाही, शैली, भाव, स्नायू, मापं याबद्दल विद्वान कितीही भांडोत, भोक खोटं बोलत नाही. हात याच मूर्तीचा होता, दुसऱ्या कॉपीचा नव्हताच, म्हणजे पोलाकला वाटलं होतं त्याहूनही तो जास्त बरोबर निघाला! मोन्तोर्सोलीच्या परंपरेतला हात उतरला, पोलाकचा चढला. पुढे पोरांचे नंतर लावलेले हातही काढून टाकले.

आणि योगायोग बघा, त्याच १९५७ मध्ये रोमच्या दक्षिणेला स्पेर्लोन्गा इथे समुद्रकाठच्या एका गुहेत, सम्राट तिबेरियसच्या व्हिलापाशी, रस्त्याचं काम चालू असताना प्रचंड शिल्पांचे हजारो तुकडे सापडले, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर ओडिसियस याच्या कथांचे, आणि त्यावरच्या लेखात तीच तीन नावं, अथेनोडोरस, हागेसांडर, पॉलिडोरस. म्हणजे नुसत्या प्लिनीच्या शब्दावर असलेली मंडळी एकदम दगडात सही करून हजर झाली. लाओकून ग्रीक की रोमन हा वाद मात्र यानेही मिटला नाही. व्हॅटिकनवाले ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली, साधारण ४०-३० ची मानतात, काही म्हणतात आधीच्या ब्राँझच्या मूर्तीवरून रोमन गिऱ्हाइकासाठी केलेली, काही म्हणतात ही स्वतंत्रच. मला दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक आहे, करणारे ग्रीक, घेणारे रोमन आणि विषय ट्रॉयचा, आणि रोमन लोक स्वतःला ट्रॉयहून पळालेल्या एनिअसचे वंशज समजायचे, म्हणजे लाओकून मेला म्हणून ट्रॉय पडलं आणि ट्रॉय पडलं म्हणून रोम झालं. श्रीमंत रोमन माणसाने हे घरात का ठेवलं असेल ते यावरून थोडं कळतं.

मूर्ती प्रत्यक्ष बघायची तर त्याच बेल्व्हेडेरेच्या अष्टकोनी अंगणात, एका कोनाड्यात आहे. गर्दी विचारू नका. सगळ्यांना सिस्टीन चॅपल गाठायचं असतं, झेंडा धरलेला गाईड पुढे, मागे वरात, लाओकूनपाशी एक सेल्फी आणि पुढे. मी बाजूला भिंतीला टेकून राहिले, दोन ग्रुपच्या मधे जरा मोकळं मिळतं तेवढ्यात बघायचं. आणि तेव्हा जाणवलं की फोटोत वाकडा हात नीट कळतच नाही. समोरून बघितलं की तो जरा आखूडल्यासारखा दिसतो, पण थोडं बाजूला सरकलं की कळतं सापाने तो मागे ओढून धरलाय, खांदा उचकटायच्या बेतात आहे, आणि त्यामुळे बरगड्या वर खेचल्या गेल्यात आणि पोट आत गेलंय, ओला टॉवेल पिळावा तसं सगळं धड पिळलंय. सरळ हाताच्या चित्रांत हीच छाती मला नेहमी उगाच जास्त ताणलेली वाटायची, एवढा जोर कशाला लावतोय असं. आता जोर तो लावत नाहीये, साप लावतोय. डावा हात मात्र सापाच्या मानेवर घट्ट आहे, त्या हाताने अजून सोडलेलं नाही, डाव्या कमरेपाशी साप चावतोय आणि तो तिकडे बघतही नाहीये, मान उलट्या बाजूला फिरवलीये. कपाळावरच्या आठ्या तर इतक्या खोल आहेत की त्यात सावली साठते.

धाकटा पोरगा संपत आलाय, त्याचे पाय जमिनीवर टेकलेलेच नाहीत, साप त्याला उचलून धरतोय. थोरला वेगळा आहे. त्याच्या पायाला आणि हाताला विळखा आहे, पण तो एका हाताने घोट्यावरचं वेटोळं सरकवतोय, मोजा काढावा इतक्या साध्या हालचालीने, आणि चेहरा बापाकडे. म्हणून मघाशी म्हटलं होतं सुटणारा मुलगा लक्षात ठेवा. तो सुटेल की नाही ते मूर्ती सांगत नाही, पण सुटू शकतो एवढं नक्की दिसतं. वर हात ताणलेला हिरो मधे असला की थोरल्याकडे लक्षच जात नाही, सगळी नजर मुठीवर जाते. हात मागे गेला आणि थोरला मोठा झाला, असं माझं मत.

म्हणून नंतर लावलेले भाग काढले हे बरोबरच केलं असं मी म्हणेन, पण सरसकट नाही. १९६०-७० च्या दशकांत बऱ्याच म्युझियमना शुद्धतेचं वेड लागलं होतं, जे जुनं नाही ते काढा, आणि त्यात कित्येक मूर्तींची जुनी नाकं, हात, पाय उतरवले गेले, भोकं आणि सळयांचे गंज उघडे पडले. नंतर लक्षात आलं की तीन-चारशे वर्षं जुनं रिस्टोरेशन हा पण इतिहासच आहे, कोणी केलं, का केलं, तेव्हा लोकांना काय हवं होतं हे त्यातच दिसतं. लाओकूनचं वेगळं कारण खरा हात मिळाला. नसता मिळाला तर? तर मी मोन्तोर्सोलीवाला हात ठेवला असता, गुपचूप नाही, शेजारी पाटी लावून.

नेपल्सच्या म्युझियममध्ये हे फार छान सोडवलंय. तिथे फार्नेसे हर्क्युलिस आहे, काराकाल्लाच्या स्नानगृहांत १५४० च्या दशकात सापडलेला महाकाय दमलेला हर्क्युलिस, तो निघाला तेव्हा पाय नव्हते म्हणून गुल्येल्मो देल्ला पोर्ताने नवे करून लावले. मग खरे पाय सापडले! आणि म्हणतात की मायकेलअँजेलो म्हणाला राहू देत नवेच, आजचे शिल्पकारही जुन्यांच्या तोडीचे आहेत हे लोकांना कळू दे. खरे पाय दोनेकशे वर्षं बाजूला पडून राहिले आणि १७८७ च्या सुमाराला बसले. आज मूर्तीला खरे पाय आहेत आणि देल्ला पोर्ताचे पाय जवळच मांडलेत, दोन्ही बघा आणि ठरवा. देल्ला पोर्ताचे पाय चांगले आहेत, अगदी चांगले आहेत, फक्त हर्क्युलिसचे नाहीत.

लाओकूनच्याच अंगणात अपोलो बेल्व्हेडेरे ही अपोलो देवाची प्राचीन मूर्ती आहे, त्याचे हातही मोन्तोर्सोलीनेच केले होते, माणसाने हातांचं कंत्राटच घेतलं होतं. अपोलोच्या गुडघ्या-पायांत भेगा दिसल्या म्हणून २०१९ च्या शेवटी त्याला झाकून ठेवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये परत खुला केला, आता मागून कार्बन फायबरच्या दांड्याचा आधार आहे. आणि डावा हात बदललाय. नेपल्सजवळ बाईया इथे १९५० च्या दशकात प्राचीन रोमन कारागिरांच्या प्लॅस्टरच्या साच्यांचे तुकडे सापडले होते, ते मूळ ग्रीक ब्राँझवरून थेट घेतलेले, त्यात अपोलोच्या मूळ ब्राँझचा डावा पंजा असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं, त्यावरून हा नवा हात केलाय. हा वाकडा-सरळ असा दणदणीत फरक नाही, बोटांची ठेवण वेगळी आहे, धनुष्य धरण्याची, त्यामुळे बहुतेक लोकांच्या लक्षातही येत नाही. गेलात तर लाओकूनसमोरची रांग पुढे सरकेपर्यंत तो पंजा बघून घ्या, आणि उफिझीला जाणार असाल तर तिथल्या बांडिनेल्लीच्या कॉपीचा उजवा हातही, म्हणजे न सापडलेल्या हाताबद्दल एका आत्मविश्वासू माणसाचा अंदाज काय होता ते कळेल.